सेन्सर मोठा म्हणजे नेमके काय मोठे?

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी एक साधा प्रयोग केला आणि त्याचा अर्थ लागायला मला बराच काळ लागला. खोलीत एकच दिवा, त्याच्या उजेडात पुस्तकांचे एक कपाट, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जिथे उजेड जेमतेम पोचत होता तिथे, घडी करून ठेवलेले गडद निळे कापड. समोर ट्रायपॉडवर शेजारीशेजारी दोन कॅमेरे होते. एक फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप), त्याला ५० मिमीची लेन्स. दुसरा मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे लहान सेन्सरचा, त्याला २५ मिमीची लेन्स. दोन्हींमधून दिसणारे दृश्य जवळपास सारखेच होते. दोन्हींवर ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/२.८, शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) १/६० सेकंद आणि आयएसओ (मिळालेल्या प्रकाशातून चित्र किती उजळवायचे ते) ८०० ठेवून मी एकेक छायाचित्र घेतले आणि संगणकावर शेजारीशेजारी उघडले. मोठ्या सेन्सरच्या चित्रात ते कापड शांत, एकसंध निळे दिसत होते. लहान सेन्सरच्या चित्रात त्याच कापडावर रंगीत ठिपक्यांची बारीक पूड पसरली होती. इथवर सारे अपेक्षेप्रमाणेच झाले होते.

मात्र मोठ्या सेन्सरच्या चित्रात मधल्या ओळीतील पुस्तकांचीच नावे स्पष्ट होती. पुढे ठेवलेली आणि मागे सरकलेली पुस्तके धूसर झाली होती. लहान सेन्सरच्या चित्रात ती सगळी वाचता येत होती. मलाही सगळीच नावे हवी होती, म्हणून मी फुल फ्रेम कॅमेऱ्याचे ॲपर्चर एफ/५.६ केले, म्हणजे छिद्र लहान केले, शटर तेवढेच ठेवले आणि चित्र काळे पडू नये म्हणून आयएसओ ३२०० केला. पुस्तके स्पष्ट झाली, आणि निळ्या कापडावर पूड आली. लहान सेन्सरच्या चित्रात ती जितकी होती, जवळपास तितकीच. कॅमेरा तोच, सेन्सर तोच, लेन्स तीच. मग मोठ्या सेन्सरचा फायदा गेला कुठे, हा प्रश्न त्या दिवशी मनात बसला, आणि सेन्सरच्या आकाराविषयी मला आज जे काही समजते ते सगळे त्याच प्रश्नाचा माग काढताना समजलेले आहे.

आधी मापे पाहू, कारण नावांमुळे पुष्कळ घोटाळा होतो. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी. हे माप डिजिटल काळात ठरलेले नाही. लाइट्झ कंपनीतील ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमासाठी वापरल्या जाणाऱ्या ३५ मिमी फिल्मवरची १८ × २४ मिमीची चौकट दुप्पट करून एक लहानसा कॅमेरा तयार केला, तो १९२५ साली लायका या नावाने बाजारात आला आणि त्याची चौकट पुढच्या अनेक पिढ्यांसाठी प्रमाण ठरली. एपीएस-सी हे नाव १९९६ साली आलेल्या आणि थोड्याच वर्षांत मागे पडलेल्या एका फिल्मकडून आले आहे. या सेन्सरचे माप बहुतेक कंपन्यांत सुमारे २३.५ × १५.६ मिमी असते, तर कॅननचा सेन्सर त्याहून किंचित लहान असतो. मायक्रो फोर थर्ड्सचे माप १७.३ × १३ मिमी. सर्वात फसवे नाव ‘एक इंची’ सेन्सरचे आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, पण या सेन्सरचे माप फक्त १३.२ × ८.८ मिमी असते आणि त्याचा कर्णही १६ मिमीच्या आतच भरतो. जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांत व्हिडिकॉन नावाची काचेची नळी असे आणि तिचे माप बाहेरच्या व्यासावरून सांगितले जाई, मात्र प्रतिमेसाठी उपयोगी पडणारा भाग त्या व्यासाच्या सुमारे दोन तृतीयांशच असे. नळ्या गेल्या, पण मोजण्याची पद्धत राहिली. लहान खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांतील १/२.३ इंची सेन्सरही याच हिशेबाने फक्त ६.१७ × ४.५५ मिमी एवढा असतो.

तुलना करताना लांबी-रुंदीपेक्षा क्षेत्रफळ पाहावे. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, एपीएस-सीचे सुमारे ३६७, मायक्रो फोर थर्ड्सचे २२५, एक इंचीचे ११६ आणि १/२.३ इंचीचे अवघे २८. म्हणजे माझ्या प्रयोगातील दोन सेन्सरांमध्ये जवळपास चौपटीचा फरक होता, तर फुल फ्रेम आणि लहान खिशातला कॅमेरा यांच्यात तीसपटीचा. छायाचित्रणाच्या भाषेत उजेड दुप्पट होणे म्हणजे एक स्टॉप. त्या हिशेबाने चौपट म्हणजे दोन स्टॉप आणि तीसपट म्हणजे जवळपास पाच स्टॉप.

आता त्या निळ्या कापडावरच्या पुडीकडे वळू. तिला आपण नॉइज म्हणतो आणि बहुतेकांची समजूत अशी असते की तो सेन्सरचा दोष आहे, इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची कुरकुर आहे. काही अंशी ती असतेही, पण आजच्या कॅमेऱ्यांत दिसणाऱ्या नॉइजचा मोठा भाग मुळात प्रकाशातच असतो. प्रकाश फोटॉनच्या रूपाने, सुट्या सुट्या कणांनी येतो आणि हे कण ठरावीक अंतराने रांगेत येत नाहीत. पावसाचे पहिले थेंब फरशी घातलेल्या अंगणात पडू लागतात तेव्हाचे दृश्य आठवावे. पाऊस सगळीकडे सारखाच असतो, तरी एखाद्या फरशीवर सहा थेंब पडतात, शेजारच्या फरशीवर अकरा आणि तिच्या पलीकडच्या फरशीवर नऊ. अंगण ठिपक्याठिपक्यांचे, चितकबरे दिसते. पाऊस थोडा वेळ पडत राहिला की तेच अंगण एकसारखे ओले दिसू लागते. आता एका फरशीवर ८७० थेंब आणि दुसरीवर ९३० थेंब असले तरी डोळ्यांना त्यांत फरक वाटत नाही.

यामागचे गणित सोपे आहे आणि तेच या विषयाचा पाया आहे. एखाद्या ठिकाणी सरासरी जितके फोटॉन पोचतात त्यांच्या वर्गमुळाइतका चढउतार त्यांच्या संख्येत असतोच असतो. सरासरी ९ असेल तर चढउतार ३ चा, म्हणजे एक तृतीयांश. सरासरी ९०० असेल तर चढउतार ३० चा, म्हणजे फक्त तिसावा भाग. सरासरी १०,००० असेल तर १०० चा, म्हणजे एक टक्का. प्रकाश जितका अधिक गोळा होईल तितका आकड्यातला चढउतार वाढतो, पण प्रकाशाच्या तुलनेत तो मागे पडत जातो. प्रकाश चौपट केला की नॉइज निम्म्यावर येतो. कितीही उत्तम सेन्सर बनवला तरी हा नियम मोडता येत नाही, कारण तो सेन्सरचा नियमच नाही. चित्रातील सावल्यांमध्ये नॉइज आधी दिसतो याचे कारणही हेच आहे. तिथे मुळात थेंबच कमी पडलेले असतात.

म्हणून मोठ्या सेन्सरचा पहिला आणि सर्वात मोठा फायदा अगदी साधा आहे. एफ क्रमांक, शटर आणि दृश्य सारखे असेल तर सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश दोन्ही कॅमेऱ्यांत सारखाच असतो. एक्स्पोजर म्हणजे हेच. मात्र एका कॅमेऱ्यात असे ८६४ चौरस मिलिमीटर आहेत आणि दुसऱ्यात २२५. तेच कपाट, तेच कापड पहिल्या कॅमेऱ्याने जवळपास चौपट फोटॉन वापरून काढलेले असते. दोन्ही चित्रे पडद्यावर सारख्याच आकाराची करून पाहिली की पहिल्यातील नॉइज निम्मा दिसतो. माझ्या पहिल्या दोन चित्रांतला फरक हाच होता.

इथे अनेक जण एक वाजवी प्रश्न विचारतात की एक्स्पोजर सारखे असताना एका कॅमेऱ्यात चौपट प्रकाश आला कुठून. उत्तर लेन्सच्या छिद्रात आहे. एफ क्रमांक हा एक भागाकार आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला (म्हणजे लेन्सच्या नावातल्या ५० किंवा २५ मिमीला) छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. ५० मिमीची लेन्स एफ/२.८ वर असते तेव्हा समोरून दिसणाऱ्या तिच्या छिद्राचा व्यास सुमारे १८ मिमी असतो. २५ मिमीची लेन्स एफ/२.८ वर असते तेव्हा तो सुमारे ९ मिमी असतो. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. कपाटाकडून निघालेला प्रकाश कॅमेऱ्याच्या दिशेने येतो तेव्हा त्याच्यासाठी उघडी असलेली खिडकी एका कॅमेऱ्यात चौपट मोठी होती. प्रकाश खिडकीने आत आणला आणि सेन्सरने तो स्वीकारला. ‘मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो’ हे वाक्य त्यामुळे अपुरे आहे. मोठा सेन्सर त्याच दृश्यासाठी अधिक लांब नाभीय अंतर मागतो, आणि तोच एफ क्रमांक ठेवला तर त्या लेन्सचे छिद्र आपोआप मोठे असते. प्रकाश त्या छिद्रातून येतो.

एवढे समजले की माझ्या तिसऱ्या चित्राचे कोडे सुटते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर मी एफ/५.६ केले तेव्हा ५० मिमीच्या लेन्सचे छिद्रही ९ मिमीवर आले. दोन्ही खिडक्या सारख्या झाल्या, दोन्ही १/६० सेकंदच उघड्या राहिल्या, म्हणून दोन्ही सेन्सरांवर एकूण फोटॉन सारखेच पोचले. मोठ्या सेन्सरवर ते विस्तीर्ण जागेत पसरले म्हणून विरळ झाले, म्हणून आयएसओ चौपट करावा लागला, आणि चित्रात तितकाच नॉइज आला. पुस्तकांच्या नावांची स्पष्टताही तेव्हाच सारखी झाली, आणि तो योगायोग नव्हता. दृश्य, अंतर आणि छिद्राचा व्यास सारखा असेल तर समोरच्या वस्तूंपैकी किती खोलीपर्यंतच्या वस्तू स्पष्ट दिसतील, म्हणजे ज्याला आपण डेप्थ ऑफ फील्ड म्हणतो, तीही सारखीच राहते. धूसर पार्श्वभूमी आणि कमी नॉइज हे दोन वेगळे फायदे आहेत असे आपण समजतो. वास्तविक ते एकाच मोठ्या छिद्राचे दोन परिणाम आहेत आणि दुसऱ्यावाचून पहिला मिळत नाही.

क्रॉप फॅक्टरचा, म्हणजे फुल फ्रेमचा कर्ण एखाद्या सेन्सरच्या कर्णाच्या किती पट आहे त्या आकड्याचा, खरा उपयोग इथे आहे. मायक्रो फोर थर्ड्सचा क्रॉप फॅक्टर २ आहे, म्हणून २५ मिमीची लेन्स ५० मिमीसारखे दृश्य दाखवते, एवढे सर्वजण सांगतात. हाच गुणाकार एफ क्रमांकालाही लावावा लागतो, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. २५ मिमी एफ/१.४ ही लेन्स तिथे जे काम करते तेच काम फुल फ्रेमवर ५० मिमी एफ/२.८ करते, दृश्य तेच, पार्श्वभूमीची धूसरता तीच, एकूण प्रकाशही तोच. याचा अर्थ एफ/१.४ लिहिलेली लेन्स खोटे बोलते असा मुळीच नाही. एक्स्पोजरसाठी ती पूर्णपणे एफ/१.४ च आहे, आणि त्याच शटरवर तिच्यासोबत कमी आयएसओ पुरतो. लेन्सची जाहिरात करताना नाभीय अंतर गुणून सांगायचे आणि एफ क्रमांक मात्र तसाच ठेवायचा, ही पद्धत मला अप्रामाणिक वाटते, कारण घेणाऱ्याची त्यातून निश्चित दिशाभूल होते.

याच तर्काने मिडियम फॉरमॅटकडे, म्हणजे फुल फ्रेमहूनही मोठ्या सेन्सरकडे, पाहता येते. आज मिळणाऱ्या बऱ्याच मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांचा सेन्सर ४४ × ३३ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या सुमारे १.७ पट आणि फायदा एका स्टॉपहूनही कमी. त्यांच्या बऱ्याचशा लेन्स एफ/२.८ किंवा एफ/४ च्या असतात, तर फुल फ्रेमसाठी एफ/१.४ च्या लेन्स सहज मिळतात. मंद प्रकाशात हातात धरून काम करायचे असेल तर अशा वेळी लहान सेन्सरच अधिक प्रकाश मिळवतो.

आता एका जुन्या समजुतीविषयी लिहिले पाहिजे, कारण ती अजूनही ठामपणे सांगितली जाते. पिक्सेल मोठे असले की नॉइज कमी आणि मेगापिक्सेल वाढले की नॉइज वाढतो, अशी ती समजूत आहे. पुन्हा अंगण डोळ्यांपुढे आणावे. त्याच अंगणात मोठ्या फरशा काढून चौपट संख्येने लहान फरशा बसवल्या तर अंगणात पडणारे एकूण थेंब बदलत नाहीत. एकेका लहान फरशीकडे पाहिले तर चढउतार जास्त दिसेल, पण चार लहान फरशांचे थेंब एकत्र मोजले की मोठ्या फरशीइतकीच संख्या येते. छायाचित्र शंभर टक्क्यांवर, एकेक पिक्सेल पडद्यावर आणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे आणि जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा त्या नजरेला नेहमीच वाईट दिसतो. दोन्ही चित्रे सारख्या आकारात पाहिली तर फरक फार थोडा उरतो. सोनीने २०१३ साली ३६ मेगापिक्सेलचा ए७आर आणि २०१४ साली १२ मेगापिक्सेलचा ए७एस आणला. दोन्ही फुल फ्रेम, पण पिक्सेलच्या क्षेत्रफळात सुमारे तिपटीचा फरक. तरीही सर्वसाधारण मंद प्रकाशात काढलेली त्यांची चित्रे एकाच आकारात आणली की नॉइजमधला तो तिपटीचा फरक कुठेच दिसत नाही.

मोठ्या पिक्सेलचा फायदा दिसतो तो अगदी टोकाच्या अंधारात, आणि त्याचे कारण वेगळे आहे. प्रकाशामुळे प्रत्येक पिक्सेलमध्ये जमलेला विद्युतभार, म्हणजे इलेक्ट्रॉन, वाचताना यंत्रणा स्वतःची थोडी चूक त्यात मिसळते. तिला रीड नॉइज म्हणतात. चांगल्या आधुनिक सेन्सरमध्ये ती दोन-तीन इलेक्ट्रॉनांएवढीच असते. पिक्सेलमध्ये हजारो इलेक्ट्रॉन जमले असतील तर तिची दखलही घ्यावी लागत नाही, पण पाच-दहाच जमले असतील तर तीच वरचढ होते. जितके पिक्सेल जास्त, तितक्या वेळा ही चूक मिसळली जाते.

डायनॅमिक रेंजचा प्रश्नही इथूनच सुरू होतो. पिक्सेल भरून वाहू लागण्याआधी त्यात किती इलेक्ट्रॉन मावतात आणि वाचण्यातली चूक किती, या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे त्याची डायनॅमिक रेंज. एखाद्या पिक्सेलमध्ये ५०,००० इलेक्ट्रॉन मावत असतील आणि चूक ३ इलेक्ट्रॉनांची असेल तर ते गुणोत्तर सुमारे १६,७०० भरते, म्हणजे १४ स्टॉप. मोठ्या सेन्सरवर एकूण साठवण जास्त असते, म्हणून उजळ आकाश आणि गडद सावली एकाच चित्रात सांभाळणे त्याला सोपे जाते. पण या ठिकाणी तंत्रज्ञानाच्या पिढीचा वाटा इतका मोठा आहे की केवळ आकारावर विसंबून राहता येत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या काही फुल फ्रेम कॅमेऱ्यांत कमी आयएसओवर सावल्या उजळायला घेतल्या की त्यांतून पट्टे आणि डाग वर येत. आजच्या चांगल्या एपीएस-सी सेन्सरमध्ये त्याच सावल्या स्वच्छ उघडतात. वाचण्यातली चूक कमी झाली, हे त्याचे मुख्य कारण. प्रकाश अडवणाऱ्या तारा पिक्सेलच्या मागच्या बाजूला नेण्याची रचनाही याच काळात रुळली. तिचा जास्त फायदा अर्थातच लहान पिक्सेलना झाला, कारण तारांनी व्यापलेली जागा त्यांच्याच बाबतीत मोठी होती. फोनच्या कॅमेऱ्यांत ही रचना आधी आली आणि फुल फ्रेममध्ये ती २०१५ साली सोनीच्या ए७आर २ मध्ये पहिल्यांदा दिसली.

नॉइजशिवाय आणखी एका गोष्टीवर आकाराचा परिणाम होतो आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. सेन्सरवरची प्रतिमा आपण कधीच आहे त्या आकारात पाहत नाही. ती वाढवून पाहतो. ३६ सेंटिमीटर रुंदीचे चित्र छापायचे असेल तर फुल फ्रेमची प्रतिमा दहापट वाढवावी लागते, मायक्रो फोर थर्ड्सची सुमारे एकवीसपट आणि १/२.३ इंची सेन्सरची तब्बल अठ्ठावन्नपट. लेन्समधला प्रत्येक दोष, फोकसमधली प्रत्येक चूक त्याच प्रमाणात वाढते. म्हणून लहान सेन्सरच्या लेन्स प्रत्येक मिलिमीटरमागे अधिक तपशील देतील अशा काटेकोरपणे बनवाव्या लागतात. चांगल्या बनवल्या जातातही, कारण काचेचा लहान तुकडा अचूक घडवणे मोठ्या तुकड्यापेक्षा सोपे असते. जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स लहान सेन्सरवर लावली की ती कधीकधी मवाळ का वाटते, याचे उत्तर या वाढवण्यात आहे.

विवर्तनाची गोष्टही इथेच येते. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक छोटी चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/८ वर या चकतीचा व्यास सुमारे १०.७ मायक्रोमीटर असतो आणि तो सेन्सर कोणताही असला तरी बदलत नाही. लहान सेन्सरची प्रतिमा जास्त वाढवावी लागते म्हणून तिथे ही चकती आधी डोळ्यांवर येते. म्हणून मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/८ च्या पुढे जाताना मी विचार करते, फुल फ्रेमवर मात्र एफ/१६ पर्यंत निर्धास्त जाते. पण एफ/८ आणि एफ/१६ या दोन जागांवर डेप्थ ऑफ फील्डही सारखीच असते, तेव्हा यातही मोठ्या सेन्सरच्या पदरात निराळे काही पडत नाही. पर्सपेक्टिव्हचा, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत किती लहानमोठ्या दिसतात याचा, तर सेन्सरशी काहीच संबंध नाही. ते फक्त कॅमेरा कुठे उभा आहे यावर ठरते.

पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांनी या हिशेबाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. समजा ४०० मिमी एफ/५.६ ची एकच लेन्स आहे, पक्षी दूर आहे आणि जवळ जाता येत नाही. लेन्सने बनवलेली पक्ष्याची प्रतिमा फुल फ्रेमवरही ८ मिमी रुंद असेल आणि मायक्रो फोर थर्ड्सवरही ८ मिमीच. पक्ष्याच्या वाट्याला आलेले फोटॉन दोन्हींकडे तेवढेच. फुल फ्रेमवर उरलेली जागा आकाशाने भरलेली असते आणि ती शेवटी कापूनच टाकली जाते. इथे सेन्सरच्या मोठेपणाने पक्ष्याच्या पिसांत काही भर पडत नाही; त्या ८ मिमीमध्ये किती पिक्सेल आहेत आणि लेन्स किती रेखीव आहे, एवढेच महत्त्वाचे. लहान सेन्सर ‘लेन्सला जास्त जवळ आणतो’ हेही तितकेच अपुरे वाक्य आहे. तो फक्त कडा कापतो. तपशील मिळतो तो दाट पिक्सेलमुळे.

फोनविषयी थोडक्यात लिहिते. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातील १/१.३ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या सुमारे बाराव्या भागाएवढे असते आणि एफ/१.८ असले तरी त्याचे छिद्र चारेक मिलिमीटरचेच असते. फुल फ्रेमच्या भाषेत ते एफ/६.४ च्या आसपास येते. तरीही त्यातून रात्रीची चित्रे स्वच्छ निघतात, कारण फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर बसवतो. नऊ चित्रांची बेरीज केली की प्रकाश नऊपट आणि नॉइज एक तृतीयांश. कमी आकाराची भरपाई वेळाने करण्याची ही रीत मला अतिशय सुंदर वाटते, कारण ती पावसाच्या त्याच नियमाला शरण जाऊन काम करते. समोरची वस्तू हलली की ती बेरीज अडखळते. धावणारे मूल, वाऱ्यावर हलणारी पाने, बोलणाऱ्या माणसाचे हात. तिथे मोठे छिद्र आणि त्याला साजेसा मोठा सेन्सर यांना अजून तोड नाही.

मोठा सेन्सर महाग का, याचे कारणही क्षेत्रफळातच आहे. एका सिलिकॉन चकतीवर तो कमी संख्येने बसतो, धुळीच्या एका कणाने वाया जाणारी जागा मोठी असते, आणि चिप छापणाऱ्या आजच्या यंत्रांची एका वेळची चौकट साधारण २६ × ३३ मिमी असल्याने फुल फ्रेम त्यात एका छपाईत मावतही नाही.

त्या संध्याकाळच्या प्रयोगाकडे मी अलीकडे पुन्हा वळले. तेच कपाट, तेच निळे कापड, तेच दोन कॅमेरे. या वेळी सुरुवातीपासूनच फुल फ्रेम एफ/५.६ वर आणि मायक्रो फोर थर्ड्स एफ/२.८ वर ठेवला, म्हणजे दोन्ही खिडक्या ९ मिमीच्या. शटर १/१५ सेकंद केले. फुल फ्रेमचा आयएसओ ८०० आणि लहान सेन्सरचा २००. चित्रे सारखीच निघाली. मग मी शटर १/४ सेकंद केले. फुल फ्रेमने आयएसओ २०० वर ते सहज पेलले आणि कापड आणखी शांत झाले. लहान सेन्सरचा सर्वात कमी मूळ आयएसओ २०० च होता, त्याला आता आणखी खाली जायला जागा नव्हती, आणि दिव्याजवळची पुस्तके पांढरी पडली. मोठ्या सेन्सरचा स्वतःचा म्हणावा असा, छिद्राशी संबंध नसलेला फायदा मला इथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. भरून वाहण्याआधी तो अधिक प्रकाश सामावून घेतो.

शेवटी मी लहान कॅमेऱ्यावर १/१५ सेकंद आणि आयएसओ २०० वर ओळीने चार चित्रे घेतली, संगणकावर त्यांची सरासरी काढली आणि फुल फ्रेमच्या १/४ सेकंदाच्या चित्राशेजारी सारख्या आकारात ठेवली. दिव्याजवळची पुस्तके पुन्हा वाचता येऊ लागली. निळे कापड मी दोन्हींत बराच वेळ न्याहाळले, आणि कोणते चित्र कोणत्या कॅमेऱ्याचे हे मला फाइलचे नाव पाहूनच सांगता आले.